ब्रेक ऑइल नेमकं कधी बदलायचं? घाट उतरणाऱ्यांनी जरा सांगा

अनगोळकर
मंडळी नमस्कार. गाडी पाच वर्षांची आहे, छोटी हॅचबॅक, पुढं डिस्क मागं ड्रम. चाललीय फक्त २२ हजार, कारण रोजचं काम बेळगावातच, अनगोळ ते कॅम्प एवढंच आणि ते पण बऱ्याचदा स्कूटीवर. ब्रेक ऑइल कंपनीतनं आलं तेच अजून आहे. परवा एअर फिल्टरसाठी गॅरेजला नेली तर मेस्त्री म्हणाला ऑइल बदलून घ्या, मी विचारलं का, तर म्हणाला "झाली की पाच वर्षं". घराजवळच्या दुसऱ्या गॅरेजवाल्यानं टोपण काढून बघितलं आणि म्हणाला रंग पिवळा स्वच्छ आहे, उगाच पैसे घालवू नका, पन्नास हजारला बघू. ब्रेक चांगला लागतोय, पेडल पण घट्ट आहे.

आता गणपतीला आंबोली घाटातनं सावंतवाडीला जायचंय, घरची पाच माणसं आणि डिकी भरून सामान. म्हणून विचारतोय, रंगावरनं ठरवायचं, किलोमीटरवरनं ठरवायचं का वर्षांवरनं? गाडी कमी चालली असेल तर काही सूट मिळते का?

निपाणी_नाका
पेडल घट्ट आहे, लेवल आहे, मग कशाला हात लावायचा? आमच्या वडिलांची जीप होती तंबाखूच्या धंद्याला, गावोगाव फिरायची, तिचं ब्रेक ऑइल कधी पूर्ण बदललेलं मला तरी आठवत नाही. कमी झालं की टॉपअप. चांगली चालली की. हल्ली गॅरेजात गाडी लावली की लगेच यादी हातात देतात. चालतंय त्याला चालू द्या.

जांबोटी_रोड
अनगोळकर, वर्षांवरनं. रंग सोडा आणि किलोमीटर पण सोडा.

डॉट ३, डॉट ४ हे ब्रेक ऑइलचे प्रकार, त्यातलं जे काय आपल्या गाड्यांत असतं ते हवेतलं पाणी ओढून घेतं, त्याचा गुणच तो. पावसाळ्यात बरणीतलं मीठ कसं पाणी धरतं तसंच, फक्त इथं डोळ्याला दिसत नाही कारण पाणी ऑइलमध्ये मिसळून जातं, खाली वेगळं साचत नाही. टाकीच्या टोपणातनं हवा आतबाहेर होत असते, चाकाजवळ रबरी पाइप असतात, त्यातनं हळूहळू ओल शिरते. गाडी रोज पळाली काय आणि शेडमध्ये उभी राहिली काय, ओल शिरणारच. कमी चालवल्यानं टायर वाचतील, पॅड वाचतील, ऑइल काही वाचत नाही.

त्यात आपला मुलूख बघा. जूनपासून पुढं चार महिने कणकुंबी-जांबोटीकडं घरात दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. बेळगावात थोडं कमी असेल पण हवा कोरडी कुठंय? पाच वर्षं म्हणजे खूप झाली. बदला आणि मगच आंबोली उतरा.

निपाणी_नाका
जांबोटी_रोड, तुमच्याकडं पाऊस आहे म्हणून. आमच्याकडं घाट म्हणजे तवंदी, तो पण रुंद हायवे, आला कधी आणि गेला कधी कळत नाही. सगळ्यांना एकच नियम कसा लागेल?

उद्यमबाग_दुसरीशिफ्ट
एकच नियम लागत नाही हे बरोबर, पण कारण सगळीकडं एकच आहे. जरा आकडे सांगतो म्हणजे भांडायला बरं पडेल.

नवं कोरं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. त्यात ३.७ टक्के पाणी मिसळलं की तेच डॉट ३ उतरतं १४० वर, डॉट ४ उतरतं १५५ वर आणि ५.१ उतरतं १८० वर. बाटलीवर ड्राय आणि वेट असे दोन आकडे छापलेले असतात ते हेच. म्हणजे शंभर भागात चार भाग पण पाणी नाही आणि उकळायचा बिंदू पासष्ट ते ऐंशी अंशांनी खाली.

आता सपाट रस्त्यावर हे कळतच नाही. सिग्नलला थांबलात, टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबलात, ब्रेक गरम होतो आणि लगेच थंड पण होतो. घाटात अर्धा तास पाय ब्रेकवर असला की डिस्क तापते, डिस्कचा ताप पॅडमधनं पिस्टनला आणि पिस्टनमधनं ऑइलला. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे झाले. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबताय, आत फक्त वाफ दबतीय, चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

दुसरी गोष्ट गंज. मी हायड्रॉलिकच्या कामात आहे, तेलात पाणी शिरलेल्या सिलिंडरची काय अवस्था होते ते रोज हातात धरून बघतो. पिस्टनवर खड्डे पडतात, त्या खड्ड्यांवर सील घासतं, मग गळती. गाडीत पण कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) आणि चाकाचा सिलिंडर असाच खराब होतो. आणि ब्रेक ऑइलमध्ये गंज धरू नये म्हणून जी औषधं घातलेली असतात ती पण वर्षं जातील तशी संपतात. एबीएसचं (जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचं) युनिट असेल तर त्यात बारीक बारीक व्हॉल्व्ह असतात, ते खराब झालं तर जो आकडा सांगतील तो ऐकून ब्रेक ऑइलचे पैसे किरकोळ वाटतील.

कॉलेजरोड_कट्टा
काका, निम्म्या बेळगावाला आज कळलं असेल की बाटलीवर दोन आकडे असतात. मी आत्ता खाली जाऊन बघून आलो, खरंच आहेत 😀

चोर्ला_चहा
उद्यमबाग काकांनी जे लिहिलंय ते मी डोळ्यानं बघितलंय म्हणून लिहितो.

भाड्याची सात सीटर होती, आम्ही गोव्याला निघालेलो, मी ड्रायव्हरच्या शेजारी. कणकुंबी सोडली, चोर्ला घाट आला, उतार सुरू झाला. पोरगा चांगला होता पण गाडी चौथ्या-तिसऱ्यातच ठेवायचा आणि पाय सारखा ब्रेकवर. निम्मा घाट उतरेपर्यंत भाजल्याचा वास यायला लागला, आम्हाला वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग एका वळणाच्या आधी त्यानं ब्रेक दाबला आणि पेडल सरळ खाली गेलं. आवाज नाही, काही नाही. त्याचा गुडघा एकदम खाली गेलेला मला दिसला. त्यानं पटापट पंप केलं, तिसऱ्या-चौथ्या दाबाला थोडासा ब्रेक लागला. मागनं कुणीतरी ओरडलं "गिअर घाल, गिअर!" त्यानं दुसरा टाकला, इंजिन किंचाळलं, हँडब्रेक एकेक टिचकी करत वर ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूच्या मातीत घासून उभी केली. पुढच्या डाव्या चाकातनं धूर येत होता.

आता महत्त्वाचं पुढं आहे. अर्धा-पाऊण तास थांबलो. चाकं गार झाली, त्यानं पेडल दाबून बघितलं तर एकदम घट्ट! नव्या गाडीसारखं. पोरगा म्हणाला बघा, काय झालेलं नाही, चला. आमच्यातले दोघं पण म्हणाले चला. मी नाही म्हणालो. शेवटी दुसऱ्या गिअरात, मधेमधे थांबत, केरीपर्यंत उतरलो आणि तिथं मेकॅनिकला दाखवलं. ऑइल काळपट तपकिरी झालेलं. मालकाला फोन केला तर म्हणाला गाडी घेतल्यापासनं ब्रेक ऑइल बदललेलं नाही, "लेवल असते की कायम".

अनगोळकर, तुमचं पेडल आज घट्ट आहे म्हणताय ना, त्या गाडीचं पण त्या सकाळी घट्टच होतं.

येळ्ळूरचा_बाळू
बापरे. पण ओ चोर्ला_चहा, हे ऑइल उकळल्यामुळंच कशावरनं? पॅड तापले की पण ब्रेक लागत नाही. राजहंसगडावरनं उतरताना आमच्या मित्राच्या गाडीला तसं झालेलं, पॅड बदलल्यावर ठीक झालं.

उद्यमबाग_दुसरीशिफ्ट
बाळू, चांगलं विचारलंस. पायाला फरक कळतो. पॅड किंवा ड्रमचे लायनर तापून पकड सुटली असेल तर पेडल कडकच राहतं, तू जीव खाऊन दाबतोस पण गाडी थांबत नाही. ऑइल उकळलं असेल तर पेडल मऊ पडतं, स्पंजासारखं दबतं, नाहीतर थेट तळाला जातं. चोर्ला_चहांनी सांगितलंय पेडल तळाला गेलं, पंप केल्यावर थोडं आलं आणि गार झाल्यावर परत घट्ट झालं. वाफ गार झाली की परत द्रव होतो, म्हणून. आणि म्हणूनच गाडी दुसऱ्या दिवशी गॅरेजला नेली तर तिथं काही सापडत नाही. लोक म्हणतात देवानं वाचवलं आणि तेच ऑइल ठेवून परत घाटात जातात.

दोन्ही एकदम पण होतं बरं का, तापण्याचं कारण एकच असल्यामुळं.

बस_स्टँड_निवृत्त
मी सरकारी बस चालवली, सगळी नोकरी घाटात गेली. बसला एअर ब्रेक, त्यामुळं ऑइलच्या विषयात मी बोलत नाही, ते जाणकार सांगतायत. पण उतरायचं कसं ते सांगतो.

ज्या गिअरात चढ चढतो त्याच गिअरात उतार उतरायचा. आंबोली वर येताना छोटी गाडी भरलेली असली की दुसऱ्या-तिसऱ्यात येते, मग उतरताना पण दुसरा-तिसरा. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर टाकायचा, मधे वेग वाढल्यावर नाही. ब्रेक दाबायचा तो दाबून वेग उतरवायचा आणि पाय काढायचा. सारखा टेकवून ठेवायचा नाही. आणि पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून, इंजिन बंद करून जे उतरतात त्यांना हात जोडून सांगतो, इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाला मदत करणारा जोर, दोन-तीन दाबात संपतो, मग पेडल दगड होतं. पावसात धुकं असताना आंबोलीत मी असल्या गाड्या बघितल्यात.

अनगोळकर, पाच माणसं आणि सामान म्हणजे ब्रेकला काम जास्त. ऑइल बदला आणि हळू उतरा. दोन्ही करा.

शहापूर_ताई
काका, फार चांगलं सांगितलंत, आमच्या ह्यांना वाचून दाखवते.

माझा एक प्रश्न. आमच्या गाडीत हँडब्रेक पूर्ण खाली असताना पण कधीकधी डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लागतो, उतारावर किंवा वळणावर, सरळ झालं की विझतो. पंपाजवळच्या दुकानातनं ब्रेक ऑइलची छोटी बाटली आणून घालू का? दुकानदार म्हणाला घाला, बंद होईल.

ऑटोनगर_मेस्त्री
ताई थांबा, घालू नका. दिवा बंद होईल हे खरं आहे पण कारण तसंच राहील.

बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. टाकीत लेवल मिनिममजवळ आली की वळणावर ऑइल एका बाजूला जातं, दिवा लागतो. आता लेवल कमी का झाली? दोनच कारणं. एक, पॅड झिजले. पॅड झिजला की पिस्टन बाहेर सरकतो, त्याच्यामागं जागा होते, टाकीतलं ऑइल तिथं जाऊन बसतं. ऑइल कुठं गेलेलं नाही, गाडीतच आहे. दुसरं, कुठंतरी गळतंय. चाकाच्या आतल्या बाजूला ओलं दिसतंय का बघा, मागच्या ड्रममधनं पण गळतं. पहिलं असेल तर पॅड बदला, लेवल आपोआप वर येते. तुम्ही वरनं घालून ठेवलं आणि नंतर पॅड बदलले तर तेच ऑइल टाकीतनं बाहेर सांडतं, बॉनेटखाली पेंटवर पडलं तर पेंट उचलतं. पडलंच तर लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं.

आणि चुकून इंजिन ऑइल किंवा पावर स्टिअरिंगचं ऑइल त्यात घातलं तर संपलं. ब्रेकची रबरं फुगतात. मास्टर सिलिंडरपासनं (पेडलला जोडलेला मुख्य सिलिंडर) चाकापर्यंत सगळी रबरं बदलावी लागतात. थोडंसं गेलं तरी गाडी चालवायची नाही.

आता अनगोळकरांचं. रंगावरनं का सांगता येत नाही ते ऐका. वरच्या टाकीतलं ऑइल आणि चाकाजवळचं ऑइल वेगळं दिसतं. ताप चाकाजवळ, रबराची झीज चाकाजवळ, पाणी पण तिथं. टाकीत पिवळं असतं आणि मागच्या चाकाचं निपल (ऑइल सोडायची छोटी तोटी) खोललं की काळं येतं. उलटं पण होतं, काही गाड्यांत ऑइल लवकर काळपट होतं पण पाणी कमी असतं. काळं असेल तर बदला, पण पिवळं आहे म्हणून सोडू नका.

आमच्याकडं पेन टेस्टर आहे, टाकीत बुडवला की हिरवा-पिवळा-लाल दिवा. तो ऑइलमधनं वीज किती जाते ते मोजतो, त्यावरनं पाण्याचा अंदाज. अंदाजच म्हणायचा, कारण टाकीतलं बघतो, कॅलिपरमधलं नाही. लाल आला तर वाद नाही. हिरवा आला आणि गाडी चार वर्षांची असेल तर मी हिरव्यावर विश्वास ठेवत नाही. ऑइल थोडंसं तापवून उकळायचा बिंदू बघणारं मशीन येतं, ते जास्त पक्कं, पण सगळ्या गॅरेजात नाही.

माझं म्हणणं, आपल्या भागात दोन वर्षं. मॅन्युअलमध्ये त्याहून कमी लिहिलं असेल तर तेवढं.

निपाणी_नाका
मेस्त्री, पटतंय पण सगळं नाही. माझ्या गाडीच्या पुस्तकात तीन वर्षं लिहिलंय. कंपनीनं विचार करूनच लिहिलं असेल की. मी कोल्हापूर-बेळगाव हायवे सोडून जात नाही, मग मी दोन वर्षांनी का बदलू?

ऑटोनगर_मेस्त्री
तीन लिहिलं असेल तर तीनला बदला, माझं काही म्हणणं नाही. काही कंपन्या दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर जे आधी होईल ते म्हणतात, काही तीन वर्षं म्हणतात. माझं भांडण तीन म्हणणाऱ्याशी नाही, "लेवल आहे तोवर कधीच नाही" म्हणणाऱ्याशी आहे.

निपाणी_नाका
मग मिटलं. टेस्टर लावून घेतो आणि तीनला बदलतो. वडिलांच्या जीपबद्दल मात्र मी म्हणालो ते खरं आहे, चारी चाकं ड्रम, वेग चाळीस-पन्नास, घाटात कधी गेलीच नाही.

संकेश्वर_ऊस
ह्या विषयात जरा ट्रॅक्टरचं बोला की कुणीतरी. हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस, ट्रॉलीला ब्रेक नाही, मागं दिवा नाही. ट्रॅक्टरचं ब्रेक ऑइल कधी बदलायचं?

उद्यमबाग_दुसरीशिफ्ट
बऱ्याच ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलात बुडालेले असतात, पण ते ऑइल मागच्या हाऊसिंगमधलं ट्रान्समिशनचंच. त्याचा आणि डॉट ३, डॉट ४ चा काही संबंध नाही, त्याचे तास वेगळे, पुस्तकात असतात. काही मॉडेलला वेगळी टाकी असते, तिच्यात काय घालायचं ते टोपणावर वाचूनच घाला. ट्रॉलीला ब्रेक नसणं हा मोठा विषय आहे, त्याचा वेगळा धागा काढा, मी लिहीन. उतारावर ओझं ट्रॅक्टरला मागनं ढकलतं आणि मग ट्रॅक्टरचे ब्रेक कितीही चांगले असोत.

बस_स्टँड_निवृत्त
आणि एअर ब्रेकवाल्यांनी हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं. पाण्याचा त्रास तिथं पण आहेच. खालचा कॉक ओढला की पावसाळ्यात पिचकारीसारखं पाणी येतं.

कॉलेजरोड_कट्टा
विषय निघालाच आहे तर सांगा, ब्रेकला सगळ्यात वाईट घाट कुठला? आमच्या ग्रुपमध्ये कायम भांडण.

चोर्ला_चहा
चोर्ला. वळणं संपतच नाहीत.

चंदगडी_काजू
तिलारी ओ. लांबीनं कमी पण उतार असा की गाडी नाकावर उभी. एकदा दोडामार्गला उतरून बघा मग चोर्ल्याचं नाव घेणार नाही.

रामनगर_स्टेशन
अनमोडला अवजड गाड्यांची रांग लागली की सारखं थांब-चाल थांब-चाल, ते ब्रेकला जास्त वाईट. हवा लागत नाही, डिस्क गार होत नाही.

बस_स्टँड_निवृत्त
घाट वाईट नसतो. तिलारीत लोक घाबरून पहिल्या-दुसऱ्यात उतरतात म्हणून ब्रेक वाचतात. आंबोली सोपा वाटतो म्हणून चौथ्यात उतरतात आणि दाणोलीला पोचेपर्यंत वास.

बुलेट_वडगाव
बाईकवाल्यांसाठी दोन ओळी, कारण सगळे कारवरच बोलतायत. पुढच्या डिस्कची टाकी हँडलवर असते, रोज पाऊस डोक्यावर घेते. बाईकमध्ये ऑइल असतं थोडंसंच, मूठभर पण नाही, त्यामुळं खराब पण लवकर होतं. बाजूला काचेची खिडकी असते तिच्यातनं लेवल दिसते. डॉट ३ का डॉट ४ ते टोपणावरच लिहिलेलं असतं. टोपणाचे दोन स्क्रू मऊ असतात, चुकीचा स्क्रू ड्रायव्हर लावला की डोकं जातं, तेवढं सांभाळा. उघडायच्या आधी टोपण पुसा, नाहीतर वरची माती आत, आणि पाऊस पडत असताना तर उघडूच नका.

एप्रिल २०१९ पासनं १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस आहे. त्या गाड्या आता दोन-दोनदा ऑइल बदलायच्या वयात आल्यात आणि आमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांनी एकदा पण बदललेलं नाही. चेनला रविवारी तास घालवतात.

जांबोटी_रोड
मेस्त्री, एक सांगा. काही ठिकाणी सिरिंजनं टाकीतलं जुनं काढतात, नवं भरतात आणि "झालं" म्हणतात. ह्याला अर्थ आहे का?

ऑटोनगर_मेस्त्री
निम्मा पण नाही. पाइपातलं, कॅलिपरमधलं जुनंच राहतं आणि उकळतं ते तिथलंच. टाकी रिकामी करणं ही पहिली पायरी, नंतर चारी चाकांना निपल खोलून नवं ऑइल येईपर्यंत सोडायचं.

आमची पद्धत सांगतो. मास्टर सिलिंडरपासनं लांबचं चाक पहिलं, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांत साधारण मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. काही कंपन्यांचा क्रम वेगळा असतो, पुस्तकात असेल तसं. निपलला पारदर्शक नळी, नळीचं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडालेलं. आत बसलेला पोरगा पेडल दाबतो, "दाबलं" म्हणतो, मी निपल खोलतो, काळं येतं, निपल बंद करतो, मग म्हणतो "सोड". बंद करायच्या आधी सोडलं की हवा आत. आणि टाकी मधे रिकामी होऊ द्यायची नाही, एकदा हवा ओढली की काम दुप्पट, एबीएसच्या काही गाड्यांत तर स्कॅनर लावून पंप फिरवावा लागतो.

जुन्या गाडीत पेडलखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवतो. रोजच्या वापरात पेडल पूर्ण खाली जात नाही, मास्टर सिलिंडरच्या त्या न वापरलेल्या भागात गंज बसलेला असतो. ब्लीड करताना (असं निपलमधनं ऑइल सोडताना) पेडल तळाला घातलं की सील त्या गंजावर घासतं आणि चांगला सिलिंडर दुसऱ्या दिवशी गळतो. मग गिऱ्हाईक म्हणतं ऑइल बदललं आणि गाडी बिघडली.

तुम्ही गिऱ्हाईक म्हणून एवढंच बघा. बाटली तुमच्यासमोर सील तोडून उघडली का, आणि चारी चाकांना नळी लागली का. कपाटात अर्धी उरलेली बाटली घालायला देऊ नका, उघडी राहिली की तिनं पण पाणी ओढलेलं असतं. छोट्या कारला अर्धा ते एक लिटर लागतं.

येळ्ळूरचा_बाळू
डॉट ५ घातलं तर पाण्याचा प्रश्नच मिटतो असं एका व्हिडिओत बघितलं. खरं काय?

उद्यमबाग_दुसरीशिफ्ट
डॉट ५ सिलिकॉनचं असतं, पाणी ओढत नाही हे खरं. पण जे पाणी आत येतं ते त्यात मिसळत नाही, खालच्या जागी थेंब होऊन बसतं, तिथं गंज आणि तिथंच शंभर अंशाला वाफ. डॉट ३-४ मध्ये ते मिसळत पण नाही आणि एबीएसला चालत नाही. आपल्या गाड्यांत घालायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच कुळातलं, नाव जवळ आहे म्हणून दुकानात गोंधळ होतो. बाटली नीट वाचून घ्या. डॉट ३ च्या गाडीत डॉट ४ चालतं, डॉट ४ च्या गाडीत डॉट ३ घालू नका.

अनगोळकर
मंडळी, सगळ्यांचे आभार, काम करून आलो म्हणून सांगतो.

टाकीत पेन घातला, पिवळा दिवा लागला, लाल नाही. मेस्त्री म्हणाला हे टाकीतलं, थांबा. मागच्या डाव्या चाकाचं निपल गंजलेलं, स्प्रे मारून वाट बघावी लागली, मग सुटलं. पहिल्यांदा जे नळीत आलं ते बघून मी गप्प झालो. वरच्या टाकीत पिवळं आणि नळीत गढूळ काळं, त्यात बारीक कण. पुढच्या चाकांचं एवढं वाईट नव्हतं, तपकिरी होतं. नवं पिवळं सरळ येईपर्यंत सोडलं. सील तोडलेली बाटली माझ्यासमोर. निपलला रबरी टोप्या नव्हत्या त्या पण बसवल्या. ड्रम खोलून लायनर बघितले, ठीक आहेत.

बदलल्यावर पेडल आधी होतं तसंच वाटतंय, फरक काही जाणवत नाही.

निपाणी_नाका
तेच मला विचारायचं होतं. फरक जाणवत नाही, मग पैसे कशाचे?

चोर्ला_चहा
गार पेडलमध्ये फरक जाणवायचाच नाही. माझी वरची गोष्ट परत वाचा, त्या गाडीचं पेडल घाटाच्या वर पण चांगलं होतं आणि पाऊण तासानंतर पण चांगलं होतं. मधल्या त्या एका वळणावर नव्हतं. पैसे त्या वळणाचे.

निपाणी_नाका
बरं. हे मान्य.

शहापूर_ताई
मेस्त्री, आमचे पुढचे पॅड संपलेलेच निघाले. बदलले, लेवल वर आली, दिवा गेला. ऑइल पण चार वर्षांचं होतं, ते पण बदलून घेतलं. बरं झालं वरनं घातलं नाही.

अनगोळकर
शेवटचं एक विचारतो. माझ्या गाडीत क्लचला केबल नाही, टाकीतनं एक बारीक पाइप क्लचकडं गेलेला दिसला. म्हणजे क्लच पण ह्याच ऑइलवर का? तो राहिला का मग?

ऑटोनगर_मेस्त्री
होय, बऱ्याच गाड्यांत एकाच टाकीतनं क्लचला पण जातं. त्याचं निपल गिअरबॉक्सजवळ असतं, बहुतेक जण विसरतात. बिलात क्लच ब्लीड लिहिलंय का बघा. नसेल तर निघायच्या आधी परत नेऊन तेवढं करून घ्या, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आणि तारीख लिहिलेली पट्टी टाकीच्या बाजूला चिकटवायला सांगा, टोपणावर नको, टोपण बदललं जातं.